एजंट सांभाळणारी माणसं : बहिर्जी नाईकांपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हँडलरपर्यंत

नाशिकहून बोलतोय. दिवसा कोड लिहितो आणि रात्री तुमच्याशी गप्पा मारतो. आजचा विषय हेरगिरीचा. गाड्या उडवणारी सिनेमातली हेरगिरी थोडा वेळ बाजूला ठेवू.

आधी एक गोंधळ मिटवू. आपण सगळ्यांनाच सरसकट ‘एजंट’ म्हणतो. या धंद्यात दोन वेगळी माणसं असतात. एक पगारी अधिकारी. त्याला केस ऑफिसर किंवा हँडलर म्हणतात. दुसरा एजंट, म्हणजे आपल्याकडच्या पोलिसी भाषेत खबऱ्या. कागद, फोटो, बातमी ज्याच्या हाताला लागते तो एजंट. त्याला हेरणं, तयार करणं, कामाला लावणं आणि जिवंत ठेवणं हे अधिकाऱ्याचं काम. तिजोरी उघडणारा अधिकारी नसतोच. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याच्याशी दोस्ती करणारा तो अधिकारी.

आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे बहिर्जी नाईक. सभासद बखरीत सुरतेच्या स्वारीआधी बहिर्जींनी आणलेल्या बातमीचा उल्लेख आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेत शिरले, तेव्हा मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि वीरजी व्होरा, हाजी जाहिद बेग अशा बड्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. आता विचार करा, एवढ्या मोठ्या परक्या शहरात मोजक्या दिवसांत नेमक्या हवेल्या गाठायच्या तर किती माहिती आधी हातात हवी!

दुसरा प्रसंग तर आपल्या शेजारचा. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना मुघल फौज पाठीवर आली. संगमनेरजवळ मोठी लढाई झाली. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने सैन्य सुखरूप पट्टा किल्ल्यावर नेलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून त्याचं नाव विश्रामगड. नाशिक आणि अहिल्यानगरच्या सीमेवरचा हा किल्ला तुमच्यापैकी कित्येकांनी ट्रेकला केला असेल. वाट माहीत असणं हीसुद्धा गुप्तवार्ताच.

बरं, हे काम चालतं कसं? जगभरातल्या संस्थांमध्ये पायऱ्या साधारण सारख्याच आहेत. पहिली, माणूस हेरणं : हवी ती माहिती कोणाच्या टेबलावरून जाते? दुसरी, त्याला जोखणं : याला नक्की काय हवंय? तिसरी, ओळख वाढवणं. यात महिने जातात, कधी वर्षं. चौथी, थेट विचारणं. पाचवी, त्याला चालवणं, म्हणजे भेटी, निरोप, पैसे, धीर. आणि शेवटची, संबंध नीट संपवणं.

जोखताना चार गोष्टी पाहतात : पैसा, विचार, दडपण आणि अहंकार. कर्ज झालंय का? सरकारवर राग आहे का? लपवण्यासारखं काही आहे का? की ‘माझी कोणी कदरच करत नाही’ असं वाटतंय? अनुभवी अधिकारी दडपणाला शेवटचा नंबर देतात. धमकावलेला माणूस संधी मिळाली की उलटतो. ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्याचं मनापासून ऐकणारा भेटला, तर तो आपणहून बोलतो.

म्हणूनच प्रशिक्षणात पिस्तुलापेक्षा माणसांवर जास्त वेळ जातो. शिकाऊ अधिकाऱ्यासमोर अनुभवी प्रशिक्षक एजंटची भूमिका करतात. कधी रुसतात, कधी खोटं बोलतात, कधी अचानक जास्त पैसे मागतात. शिकाऊ माणसाने ते सांभाळायचं. भेटीला जाताना मागे पाळत आहे का, हे तपासायला तासन्‌तास शहरात फिरायचं, तेही संशय येऊ न देता. पाळत दिसली तर भेट सोडून सरळ घरी जायचं. वही न काढता तासाभराचं बोलणं लक्षात ठेवायचं. आणि नंतर रिपोर्ट लिहायचा. त्यात एजंटने डोळ्यांनी पाहिलेलं काय, ऐकलेलं काय आणि आपला अंदाज काय, हे वेगवेगळं लिहायचं. आमच्याकडे लॉग वाचताना हाच नियम असतो : सिस्टिमने काय नोंदवलं ते एकीकडे, तुम्हाला काय वाटतं ते दुसरीकडे.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका जागी राहणारे आणि फिरते असे हेरांचे दोन वर्ग आहेत. हेरांनी एकमेकांना ओळखू नये असा दंडक आहे. तीन वेगवेगळ्या हेरांची बातमी जुळली तरच विश्वास ठेवावा, असंही सांगितलंय. एक पकडला गेला तरी बाकीचे वाचावेत, हा त्यामागचा हिशोब.

आज आपल्याकडे राज्य गुप्तवार्ता विभाग आहे, पुण्यात महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनी आहे. आयबीच्या एसीआयओ परीक्षेचा अभ्यास करणारे तर तुमच्या अभ्यासिकेतही असतील. साधा पोलीस अधिकारीही खबरे सांभाळतोच. खबऱ्याचं नाव जपण्याला कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १२५ सांगत होतं की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

नाव फुटलं तर काय होतं? आदोल्फ तोल्काचेव्हची गोष्ट ऐका. हा मॉस्कोतला रडार इंजिनिअर. सोव्हिएत सत्तेचा त्याला मनस्वी राग होता. त्याने अमेरिकनांना गाठायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि सीआयएने सापळा समजून त्याला बराच काळ झुलवत ठेवलं. शेवटी १९७९ पासून भेटी सुरू झाल्या. त्याने मिग आणि सुखोई विमानांच्या रडारची गुपितं कॅमेऱ्याने टिपून दिली. त्याच्या अधिकाऱ्यांनी पाळत चुकवण्यात कसूर केली नाही. पण मॉस्कोला पाठवण्यासाठी तयार केलेल्या एडवर्ड ली हॉवर्ड नावाच्या शिकाऊ अधिकाऱ्याला सीआयएने १९८३ मध्ये काढून टाकलं, आणि त्याने माहिती सोव्हिएतांना विकली. १९८५ मध्ये तोल्काचेव्हला अटक झाली, पुढच्या वर्षी मृत्युदंड. हॉवर्ड सोव्हिएत युनियनमध्ये पळून गेला. अधिकारी पकडला गेला तर बहुतेक वेळा देशातून हाकलला जातो. एजंट मात्र तिथेच राहतो. त्याचं घर तिथे, बायकामुलं तिथे. या नात्यातली जोखीम कधीच अर्धी-अर्धी नसते. हे ज्याला कळत नाही, त्याने हे काम करू नये.

आता मुद्दा आपल्या नाशिकचा. ओझरला एचएएलमध्ये आधी मिग बनली, मग सुखोई. देवळालीत तोफखान्याचं स्कूल. नाशिकरोडला नोटांचा छापखाना. बाहेरच्या हँडलरच्या दृष्टीने किल्ल्या असलेली केवढी माणसं या एका शहरात! ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या एटीएसने ओझरच्या एचएएलमधल्या एका कर्मचाऱ्याला अटक केली. विमानांची आणि कारखान्याची माहिती आयएसआयला पुरवल्याचा आरोप होता. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली. आरोपपत्रात म्हटलंय की समोरच्या बाईने आपण ब्रिटनमधली सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आमच्याच धंद्याचं सोंग!

पायऱ्या जुन्याच आहेत, फक्त रस्ता बदललाय. हेरायला आता लिंक्डइन पुरतं, आपण स्वतःच तिथे कंपनी आणि प्रोजेक्ट लिहून ठेवतो. जोखायला तुमच्या पोस्ट आहेत. ओळख वाढवायला रोजचं गुड मॉर्निंग. पहिली मागणी नेहमी निरुपद्रवी असते : कॅन्टीनचा फोटो, शिफ्टच्या वेळा, इंडस्ट्री कशी चाललीये यावर एक छोटी टिप्पणी, त्याचे पैसेही मिळतील. पैसे घेतले की पावती त्यांच्याकडे राहते. मग दडपणाची पायरी आपोआप तयार होते. इतके दिवस ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदा आवाज चढवतो, आणि तोपर्यंत प्रकरण १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमापर्यंत गेलेलं असतं.

खऱ्या अधिकाऱ्याला शिकवतात ते आपणही शिकू शकतो. अनोळखी माणूस फार गोड वागला, तर स्वतःला विचारा : माझ्या टेबलावरून असं काय जातं? त्याच्याबद्दलची माहिती तीन वेगळ्या ठिकाणी जुळते का? व्हिडिओ कॉल टाळतो का? गप्पा तुमच्यावरून तुमच्या कामाकडे कधी सरकल्या? आणि काही दिलंच गेलं असेल, तर लाज बाजूला ठेवून लगेच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना सांगा. पहिल्या फोटोनंतर सांगणारा साक्षीदार ठरू शकतो. शंभराव्या फोटोनंतर सांगायला जाणारा आरोपी म्हणूनच उभा राहतो.

एपिसोड आवडला तर ओझर, देवळाली, नाशिकरोडला काम करणाऱ्या तुमच्या दादा-ताईंना नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!