नवी मोटार आणि घरचा हिशेब

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्याप्रसार, संघटन, व्यसनमुक्ती या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आम्ही आज निराळाच विषय घेतला आहे. आपल्या समाजातील चार तरुण एकत्र जमले की सध्या जिची चर्चा हमखास निघते, ती उंच बांधणीची छोटी मोटार, म्हणजेच छोटी एसयूव्ही, हा तो विषय होय. मोटार घेऊ नये असे सांगण्यास आम्ही उभे नाही. ती कोणत्या गरजेसाठी घ्यावी आणि कोणाच्या पैशाने घ्यावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम ही गाडी आली कोठून ते पाहू. सन २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० पर्यंत. या व्याख्येत बसेल आणि तरीही जीपसारखी रुबाबदार दिसेल अशी गाडी कारखानदार करू लागले. सन २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन आणि २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू बाजारात आली. यांतील नेक्सॉन आपल्याच राज्यात रांजणगावला तयार होते, तर महिंद्रांची या वर्गातील गाडी नाशिकला.

ही व्याख्या आजही खिशाशी निगडित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या मर्यादेतील गाडीवर १८ टक्के, तर मर्यादेबाहेरील गाडीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर ठरला. ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत असली, तरी तिचे पेट्रोल इंजिन सुमारे दीड लिटरचे असल्यामुळे तिला वरचा दर लागतो. नेक्सॉनच्या बाराशेच्या इंजिनास खालचा. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दोन्ही सारख्याच दिसतील. म्हणून गाडीचा रंग पाहण्यापूर्वी कागद पाहावा.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. तुळजापूर, धाराशिव, येडशी हा राष्ट्रीय महामार्ग उत्तम आहे. परंतु महामार्ग सोडून वाडीवस्तीकडे वळले की खड्डे आणि दगडगोटे यांची गाठ पडते. भूम-परंड्याकडील माणसाला दवाखान्यासाठी बार्शी गाठावी लागते, उमरग्याकडील माणसाला सोलापूर. रात्रीअपरात्री एसटी नसते. अशा वेळी जमिनीपासून सात-आठ इंच उंच असलेली गाडी दारात असणे ही चैन नव्हे, हे आम्ही मान्य करतो. म्हाताऱ्या माणसांना तीत चढता-उतरतानाही फारसे वाकावे लागत नाही. मात्र एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. यांपैकी बहुतेक गाड्यांना इंजिनाची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना असते. जाहिरातीत ती डोंगर चढताना दिसली, तरी मृगाच्या पावसानंतर आपल्या काळ्या रानातील चिखलात ती रुतावयाची ती रुततेच. ज्यास रोज शेतापर्यंत जावयाचे आहे, त्याने चारही चाकांना ओढ असलेली गाडी पाहावी, किंवा मोटार बांधावर उभी करून पायी जावे.

आम्ही जन्मभर मुलांना व्याजाची उदाहरणे घातली; आज एक आपणांस घालतो. आठ लाख रुपये कर्ज, दर साल दर शेकडा नऊ, मुदत सात वर्षे. दरमहाचा हप्ता सुमारे १२,८७० रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ८१ हजार होते. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १६,६०० होतो. पण व्याज १ लाख ९६ हजारांवर थांबते. म्हणजे लहान हप्त्याच्या मोहासाठी आपण पंचाऐंशी हजार अधिक देतो. याशिवाय महिन्यास हजार किलोमीटर फिरल्यास, लिटरला पंधरा किलोमीटर धरून, ६७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरले, तरी ते ६,७०० रुपये होतात. नोकरदाराचा पगार महिन्यास येतो. शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन किंवा ऊस गेल्यावर येतो, आणि तोही पाऊस झाला तर. हप्ता मात्र नक्षत्र पाहून येत नाही. म्हणून सहामाही हप्त्याची सोय मिळते काय, हे शेतकऱ्याने आधी विचारावे. आणि मोटारीसाठी जमीन कदापि गहाण टाकू नये. मोटारीची किंमत दरवर्षी घटते; जमीन गेली की परत येत नाही.

विम्याविषयी दोन शब्द. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे कित्येकांस वाटते की तीन वर्षे काळजी मिटली. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो वेळेवर चालू ठेवावा. तसेच पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने वडाप करू नये. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. सन २०१८ च्या अखेरीस नेक्सॉनने ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळविले. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय मोटार होय. परंतु पट्टा न बांधणाऱ्यास तारे वाचवीत नाहीत.

शेवटी, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो. आपल्यातील कित्येक सोयरिकींत आता सोन्याच्या तोळ्यांबरोबर चारचाकीचेही नाव निघते. कोणी उघड मागत नाही. "मुलास नोकरीवर जाण्यास बरे पडेल," एवढेच म्हटले जाते, आणि मुलीचा बाप समजतो. वर सांगितलेला हप्ता मग त्या कोरडवाहू बापाच्या माथी बसतो, आणि गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यास सामान्यतः किमान पाच वर्षांची कैद आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची किंमत, यांत जे अधिक असेल तेवढा किमान दंड आहे. मोटार मुलीच्या नावे नोंदविली म्हणून मागणीची भेट होत नाही.

कायदा आहेच, परंतु बैठकीत शब्द निघतो तेव्हा तेथे पोलीस नसतो, आपणच असतो. सोयरीक जुळविणारे मध्यस्थ आपणच, आणि साक्षीला बसणारे वडीलधारेही आपणच. म्हणून आमची या सभेस विनंती आहे की, ज्या बैठकीत मोटारीची मागणी निघेल, तेथून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी उठून जावे, असा ठराव आज संमत व्हावा. तरुणांनो, मोटार अवश्य घ्या. आपल्या कमाईने घ्या, थोडी उशिरा घ्या, आणि घेतल्यावर तिची किल्ली पत्नीच्याही हाती द्या. तिलाही ती चालविता आली पाहिजे. अशा मोटारीतून आपण आमच्या दारी आलात, तर आम्ही आनंदाने पेढा खाऊ.