तक्त्यावर ‘नको’ आहे का?

(खान्देशातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, ‘बोलता न येणाऱ्यांसाठी संवादाची साधनं’. सकाळी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, “हा तर डॉक्टरांचा विषय, आपल्या शिबिरात कशाला?” त्यांना उत्तर म्हणून धुळे जिल्ह्यातल्या एका मुलीपासून सुरुवात करते. तिचं नाव, गाव सांगणार नाही.

वय २२. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. कळतं सगळं, पण जीभ, ओठ, हात मनासारखे हलत नाहीत. तिला पुठ्ठ्याचा एक तक्ता मिळाला होता. त्यावर १६ चित्रं: पाणी, जेवण, शी, शू, झोप, टीव्ही, आई, बाबा वगैरे. मी घरी गेले तेव्हा आई वैतागलेली होती. “पंधरा दिवस झाले, सारखी ‘शू’च दाखवते. नेलं तर काही नाही.” मी शेजारी बसले. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही, एवढं आमचं ठरलं आणि मी विचारत गेले. कमरेखाली काही झालंय हे सांगायला तिच्याजवळ तेवढं एकच चित्र होतं! आई शेतात गेली की घरात येणाऱ्या एका नातेवाइकाबद्दल ती पंधरा दिवस सांगत होती.

इथे माझी एक चूक झाली, ती मुद्दाम सांगते. संताप आला होता, म्हणून मी सरळ त्या माणसाचं नाव घेऊन विचारलं, “त्याने हात लावला का?” ती ‘हो’ म्हणाली. पण पुढे कोर्टात हेच निघालं, की शब्द ताईंचे आहेत, मुलीचे नाहीत. विचारायला हवं होतं ते असं: घरात येणाऱ्या सगळ्यांचे फोटो समोर ठेवायचे आणि सोबत एक कोरं कार्ड, ‘यातलं कुणीच नाही’. ते कार्ड नसेल तर निवड ही निवडच नव्हे.

पोलीस ठाण्यात वेगळीच तऱ्हा. “हिचा जबाब घ्यायचा कसा? घरातलं कोणी पुरुष माणूस असेल तर बोलवा, तो समजावून सांगेल.” म्हणजे ज्या घराविरुद्ध ती बोलते आहे, त्याच घराने तिची जीभ व्हायचं!

आपल्या चळवळीला ‘न बोलणं’ नवं नाही. मथुरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७८ साली दोन पोलिसांना सोडलं, त्यात तिने आरडाओरडा केला नाही हेही एक कारण होतं. त्यातूनच आपल्या आधीच्या पिढीच्या बायका रस्त्यावर उतरल्या. जिला ओरडताच येत नाही तिचं काय, हे मात्र आपणही बरीच वर्षं विचारलं नाही. २०१३ च्या दुरुस्तीत पहिल्यांदा स्पष्ट आलं की संमती शब्दांनी, हावभावांनी किंवा न बोलता कळवलेली असू शकते, पण ती निःसंदिग्ध हवी. त्याच दुरुस्तीने अशा गुन्ह्यांत अपंग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरण करून घेणं बंधनकारक केलं. मॅजिस्ट्रेटसमोर असा चित्रित झालेला जबाब सरतपासणी म्हणून धरला जातो, सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यातही हे कायम आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो कायद्यात तिची संवादाची पद्धत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. ठाण्यात जाताना कागद बरोबर ठेवा. तोंडी सांगून भागत नाही, हा अनुभव आहे.

आता साधनं. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. त्यांची लेक मालिनी चिब एका बोटाने टाइप करून शिकली आणि तिने आत्मचरित्र लिहिलं, ‘वन लिटल फिंगर’. टाइप केलेलं बोलून दाखवणारं यंत्र तिच्याजवळ आहे. ते इंग्रजी शिकलेल्या घराला जमलं, आपल्याकडे शिरपूर-साक्रीच्या पाड्यावर काय? आयआयटी मुंबईने ‘जेलो’ नावाचं ॲप केलंय, त्यात मराठी आहे. फोन असेल तिथे जरूर वापरा. पण फोन घरात कोणाच्या खिशात असतो हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मी पुठ्ठ्याकडे परत येते. हात चालत नसेल तर पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी घ्या, कोपऱ्यांत चित्रं लावा, पलीकडे बसा आणि तिची नजर कुठे थांबते ते बघा. नजरही स्थिर नसेल तर आपण एकेका ओळीवर बोट ठेवत जायचं, ती खूण करेल तिथे थांबायचं. लिहिता-वाचता येत असेल तर अक्षरांचा तक्ता. इंग्रजीचं २६ अक्षरांत भागतं. आपल्याला स्वर, व्यंजनं, वर काना-मात्रा-वेलांटी. तेव्हा आधी क-वर्ग, च-वर्ग असा गट दाखवायचा, मग त्यातलं अक्षर. वेळ लागतो. लागू द्या. तिचं वाक्य मध्येच आपण पूर्ण करायचं नाही!

भाषेचंही बघा. एका मुलीच्या फोनमध्ये भावाने आवाज भरला होता. बटण दाबलं की ती म्हणायची, “मी आलो.” आणि घरात अहिराणी बोलत असतील तर ‘मला दुखतं’च्या जागी ‘माले दुखस’ लिहायला कसली लाज?

तक्ता फक्त मुलींचाच नाही. लकव्याने वाचा गेलेल्या सासवा आहेत, मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होऊन जीभ काढावी लागलेल्या बायका आहेत. त्यांच्या घरी जाताना चित्रं कोणती आहेत ते आधी मोजा. खाणंपिणं सगळीकडे असतं. मी हे शोधते: नको. थांब. दुखतं. पाळी. शरीराचे सगळे अवयव, लपवाछपवी न करता. भीती वाटते. मला तुझ्याशी एकटीला बोलायचंय. तू खोटं बोलतेस. आणि ‘कंटाळा आला’ हेही, कारण तक्ता काही नुसता फिर्यादीसाठी नसतो.

त्या मुलीचा खटला चालू आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. तिच्या नव्या तक्त्यावर आता ६४ चौकोन आहेत. तिने सगळ्यात आधी मागितलेला शब्द होता ‘चूप’. आईला तो आवडलेला नाही.

जेवणानंतर इथेच बसू. पुठ्ठे, कात्र्या, मार्कर आणले आहेत. प्रत्येकीने आपल्या वस्तीतली एक बाई डोळ्यांसमोर आणायची आणि तिच्यासाठी एक तक्ता करायचा.