शाळेची बाग आणि गावाची वही



साक्षरता वर्गाच्या मंडळींनी मला आज बोलायला सांगितले. विषय तुम्हीच दिला आहे. शाळेच्या मागे एक गुंठा जागा मोकळी पडली आहे. तिथे भाजीची बाग करावी, गावाने हात लावावा, आणि ती भाजी पोरांच्या ताटात पडावी, असा तुमचा बेत आहे. बेत चांगला आहे. पण बी कसे पेरावे हे सांगायला मी आलो नाही. ज्याच्या बापाने आणि आज्याने जन्मभर माती उकरली, त्याला मी काय मेथी पेरायला शिकवू? मला सांगायचे आहे ते वेगळेच. अशा बागा सुरू होतात थाटात आणि मरतात गुपचूप. त्या का मरतात ते आधी पाहू.

एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. त्या गावात शाळेची बाग झाली. पहिल्या दिवशी शंभर माणसे जमली. नारळ फुटला, फोटो निघाले. वाफे असे सुरेख बांधले की पाहत राहावे. पावसाळा होता, म्हणून पाण्याची काळजी नव्हती. वेल मांडवावर चढले. एक लाल भोपळा असा पोसला की पोरे रोज त्याला हात लावून बघायची. आणि एका सोमवारी भोपळा जागेवर नाही! कोणी नेला? कोणी म्हणे शाळेच्या समितीतल्या एकाने पाहुण्यांसाठी नेला. कोणी म्हणे स्वयंपाक करणाऱ्या बाईने घरी नेला. ती बिचारी रडली. शेवटपर्यंत काही कळले नाही. पण पुढच्या आठवड्यापासून माणसे येईनाशी झाली. "आम्ही पाणी घालायचं आणि भोपळा दुसऱ्यानं खायचा?" असे जो तो म्हणू लागला. संक्रांतीपर्यंत बागेत गवत उरले. पाणी होते, खत होते, बी होते. बाग मेली ती एका भोपळ्याच्या हिशेबावरून.

म्हणून मी म्हणतो, कुदळीच्या आधी वही आणा.

साधी शंभर पानी वही. तिच्यात रेघा मारून रकाने पाडा. तारीख. पाणी कोणी घातले. काय काढले. वजन किती. कुठे गेले. इतकेच. वजनाला शाळेच्या स्वयंपाकघरातला काटा आहेच. ही वही गुरुजींनी लिहायची नाही, ग्रामसेवकाने लिहायची नाही. ती तुम्ही लिहायची. तुम्ही या वर्गात वर्षभर अक्षरे गिरवलीत ती काय फक्त सही करायला? अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. 'भ'चा 'म' झाला आणि भोपळ्याचा मोपळा झाला तरी कोणी हसणार नाही. वजनाचा आकडा मात्र बरोबर पाहिजे. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती वही मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू येईल. काल जी बाई अंगठा उठवत होती, ती आज "दोडका, अडीच किलो, स्वयंपाकघरात दिला" असे चारचौघांत वाचते, तेव्हा संशयाला जागाच राहत नाही.

आता भाजी कोणाची हेही आजच ठरवा. माझे मत सांगतो, पटले तर घ्या. शाळा भरते त्या दिवशी भाजी पोरांची. शाळा बंद असेल त्या दिवशी जो पाणी घालेल त्याची. जास्त झाली तर बाजारात विकावी आणि त्या पैशाचे बी आणावे. यात समितीचा वाटा नाही, पुढाऱ्याचा नाही, आणि भाषण करायला आलेल्या पाहुण्याचाही नाही. मला कृपा करून भोपळा देऊ नका!

शाळेची व्यवस्थापन समिती असतेच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यात लिहिले आहे की समितीत शंभरातले पंचाहत्तर लोक आईबाप असावेत आणि एकूण समितीत निम्म्या बायका असाव्यात. तेव्हा समिती म्हणजे कोणी परके नव्हे, तुम्हीच आहात. तिच्या बैठकीत हा ठराव लिहून ठेवा. गुरुजींची बदली होते, बाई दुसऱ्या गावी जातात. पुष्कळ बागा एका हौशी गुरुजीबरोबर गाव सोडून गेल्या आहेत. ठराव गावातच राहतो.

मग आपल्या बागेतून पोरांचे पोट भरेल काय? खरे सांगतो, नाही. थोडा हिशेब करा. शाळेत शिजणाऱ्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे. सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम. आपल्या शाळेत पाचवीपर्यंत ६० मुले आहेत. साठ गुणिले पन्नास म्हणजे ३ किलो. रोज ३ किलो भाजी एका गुंठ्यातून बारा महिने निघेल असे जो सांगेल त्याला एक गुंठा देऊन बघा. आठवड्यातून दोन दिवस आपली भाजी शिजली तरी पुष्कळ झाले. पण ती भाजी ताजी असेल. बाजारातून बटाटा येतो, कांदा येतो. पालेभाजी सहसा येत नाही, कारण ती टिकत नाही. आणि पोरांना हवी असते ती तीच. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. लहान मुलांचे तर त्याहून वाईट. म्हणून बागेत वांगी-टोमॅटोच्या आधी पालेभाजीचा विचार करावा, आणि शेवग्याचा.

शेवग्याबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो. शहाणी ती शेळीच म्हणायची! पाल्यात लोह आहे, चुना आहे, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व आहे. कोवळा पाला डाळीत टाकला की पोरे न कुरकुरता खातात. मनगटाएवढी जाड, तीन-चार हात लांब फांदी आणावी आणि पावसाच्या तोंडावर लावावी. बी विकत आणायला नको. बांधावर ज्याचे झाड आहे त्याने दोन फांद्या दिल्या की झाले. मूळ धरले की फारसे पाणी मागत नाही. कुंपणाच्या कडेने दहा-दहा फुटांवर चार झाडे लावा. वाफ्यात सावली पडू देऊ नका.

कुंपणाचे आले म्हणून सांगतो. गावात शेरीचे कुंपण करायची रीत आहे. शाळेत शेर लावू नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची वेळ येते. कण्हेरही नको, ती विषारी आहे. निरगुडी लावा, अडुळसा लावा. त्यांना शेळी तोंड लावत नाही आणि पोरांना इजा नाही.

आता पाणी. बाग मेली तर बहुधा एप्रिल-मेमध्ये मरते. शाळेला सुट्टी लागते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, विदर्भात त्याहूनही उशिरा. आणि याच दिवसांत ऊन कडक, विहीर खोल. पाण्याचाही हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पडले म्हणजे १०० लिटर झाले. वाटा आणि कुंपण सोडून अर्धा गुंठा वाफे धरले, तर थंडीच्या दिवसांत दिवसाला साधारण २०० लिटर लागते. म्हणजे मोठ्या बादल्या दहा-बारा. मेमध्ये त्याच्या दुप्पट. गावाला प्यायला टँकर येत असेल तेव्हा मेथीला वीस बादल्या पाणी घालणारा माणूस शिव्या खाईल, आणि बरोबर खाईल.

तेव्हा मेमध्ये वाफे हिरवे ठेवण्याचा हट्टच धरू नका. मार्चअखेर शेवटचा पालक काढा आणि जमीन खणून उन्हात तापू द्या. शेतात उन्हाळी नांगरट का करतो? कीड आणि तण मरावे म्हणूनच ना? तेच इथे. उन्हाळ्यात फक्त झाडे जगवायची. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. झाडाच्या बुडाशी पालापाचोळा जाड पसरावा आणि गळके मडके पुरावे. मडके दोन दिवसांनी भरले तरी झाड तग धरते. हे काम एका घराला जमते, त्याला शंभर माणसे लागत नाहीत. शाळेचा पाला जाळायची सवय मात्र आधी सोडा. तो पाला म्हणजे खतही आहे आणि झाडाची गोधडीही.

शाळा चालू असते तेव्हा भांडी धुतलेले आणि पोरांनी हात धुतलेले पाणी वाया जाते. ते चर काढून अळूकडे आणि केळीकडे न्यावे. भांडी राखेने घासली तर उत्तम.

आता पाळीचे बोलू. एका दिवसाला एक घर. वीस घरे तयार झाली तर एका घरावर वीस दिवसांनी एकदाच काम येते. हे कोणालाही जड नाही. पण नीट ऐका. घराची पाळी म्हणजे घरातल्या सुनेची पाळी नव्हे. पुरुष नाव देतात, टाळ्या घेतात, आणि पहाटे बादली उचलते ती सून, नाहीतर शाळा सोडून पोरगी. म्हणून वहीत घराचे नाव लिहू नका. जो खरोखर आला त्याचे नाव लिहा. महिन्याने वही वाचली की कळेल, गावातल्या किती मिशीवाल्यांनी बादली उचलली ते.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंवरही हे काम ढकलू नका. त्यांना मानधन मिळते ते शिजवण्याचे, आणि तेही किती थोडे ते तुम्हाला माहीत आहे. बागेत त्यांनी यावे ते कोणती भाजी हवी हे सांगायला.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. कोणाला लागली तर लागू द्या. पाळीच्या यादीत वस्तीवरची घरे आली पाहिजेत, आणि ती शेवटी नव्हे, मधूनमधून, सगळ्यांसारखी. त्यांनी कुंपण खणायचे आणि पाण्याला दुसऱ्यांनी हात लावायचा, असे होता कामा नये. ज्या हौदावर आपण बादली भरू, त्याच हौदावर ते भरतील. हे ज्याला चालणार नाही त्याने आजच सांगावे. पोरे एका पंगतीत बसून जेवतात. त्यांच्या बागेत आपण दोन पंगती मांडणार काय?

मुलांनी काम करावे का, असे एका भगिनीने मघाशी विचारले. करावे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. तिथे गांधीजींनी मांडले की हाताच्या कामातून शिक्षण द्यावे. बागेत ते सहज होते. वाफा मोजताना क्षेत्रफळ येते, वजन करताना दशांश येतो. मात्र तास बुडवून मुलांना पाणी वाहायला लावू नये. आणि शिक्षा म्हणून गवत काढायला तर कधीच पाठवू नये. ज्या पोराने शिक्षा म्हणून गवत उपटले, त्याला माती जन्मभर शिक्षाच वाटेल. मुलींनी पाणी घालायचे आणि मुलांनी खणायचे, अशी वाटणीही नको.

बी कोठून आणायचे? तालुक्याला पुड्या मिळतात. पण संकरित बियांच्या झाडाचे बी पुढच्या वर्षी पेरले तर तसेच पीक येत नाही. मग दर वर्षी पैसे. घरातल्या आजीच्या गाडग्यात काय आहे ते आधी पाहा. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले.) तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, भात अशी गावठी वाणे जपली आणि लोकांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गावातही अशी एखादी आजी असेल. तिला पद्मश्री आपण देऊ शकत नाही, पण तिच्याकडून मूठभर बी घेताना वहीत तिचे नाव लिहू शकतो. बागेतला एक दुधी, एक दोडका, एक काकडी पिकून वाळेपर्यंत वेलावरच ठेवा. त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे कोणी तोडणार नाही. ते पुढल्या वर्षाचे बी.

आज मे संपत आला आहे. मृग पंधरवड्यावर आला. निंबोळ्या पडू लागतील. पोरांना त्या गोळा करू द्या. सावलीत वाळवा, जपून ठेवा. पुढे चवळीवर मावा पडला की ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारायची. औषधाची बाटली शाळेत आणूच नका. पहिल्या पावसावर भेंडी, गवार, चवळी टोकावी. वेलांना मांडव आधी घालावा, नंतर घाई होते. मेथी आणि पालक दिवाळीच्या पुढेमागे घ्या. थंडीत मेथी महिन्याभरात काढायला येते. पोरांना लवकर काहीतरी हाती लागले की त्यांचा उत्साह टिकतो, आणि मोठ्यांचाही.

शेवग्याच्या फांद्या कोण देणार, मांडवाला बांबू कोण देणार, हे उठण्यापूर्वी ठरवू. वही मी येताना घेऊन आलो आहे. पेन तिच्यातच आहे. पहिल्या पानावर पाळीची नावे घालायची आहेत. ज्याचे नाव त्यानेच लिहायचे, दुसऱ्याने त्याच्यासाठी लिहायचे नाही. मागे बसलेल्या आत्याबाईंपासून सुरुवात करू या. घ्या आत्याबाई, आणि सावकाश लिहा. आम्हाला घाई नाही.