कवितेची बाग

श्रोतेहो, बाग म्हटली की गुलाब, मोगरा, कारंजे डोळ्यांपुढे येते. पण कलावंताच्या कृतीतूनही बाग उभी राहते, बरे का!

अमेरिकेत कोलंबस शहरात अशी एक सार्वजनिक बाग आहे. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात, नदीकाठी रविवारची सुटी घालविणाऱ्या माणसांचे मोठे चित्र रंगविले. जेम्स मेसन या शिल्पकाराने शंभर वर्षांनी तेच चित्र झाडांत उतरविले. धातूच्या सांगाड्यांवर सदाहरित झुडपे वाढवून केलेली माणसे, होड्या, कुत्री, एक माकडसुद्धा! नदीच्या जागी तळे. मात्र माळ्याने कात्री खाली ठेवली, की थोड्याच वर्षांत चित्र जाईल आणि नुसती झुडपे उरतील.

आता आपल्या रत्नागिरीकडे वळू. सरा रंग भरीत होता, त्याच सुमारास कृष्णाजी केशव दामले हा तरुण कविता लिहू लागला होता. हेच आपले केशवसुत. गणपतीपुळ्याशेजारचे मालगुंड हे त्यांचे जन्मगाव. वडील शिक्षक, स्वतःही शिक्षक. खानदेशात फैजपूरला आणि पुढे धारवाडला त्यांनी मुले शिकविली. १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही.

त्याच कवीचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने जतन केले. मधु मंगेश कर्णिक यांनी पुढाकार घेतला आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. तिथल्या बागेत केशवसुतांच्या कविता शिळांवर कोरल्या आहेत.

दगडाला कात्री लागत नाही, हे खरे. पण त्यालाही निगा लागते, ती वाचणाऱ्याच्या आवाजाची. कोणी वाचलेच नाही, तर ती अक्षरे आणि जांभ्याचा गडगा यांत फरक तो काय?

म्हणून गुरुजनांना विनंती. सहल पुळ्याला जातेच. देवदर्शन आणि समुद्र झाला, की तासभर मालगुंडला द्या. मुलांना कविता वहीत उतरवून घ्यायला लावू नका. एकेका शिळेपुढे एकेका मुलाला उभे करा आणि मोठ्याने वाचू द्या. अडखळले तरी अडखळू द्या. अर्थ मागाहून सांगता येईल. एका मास्तराची कविता जिवंत ठेवायची, तर हे काम दुसऱ्या मास्तरानेच करायला हवे.