आतड्याची सूत्रे कोणाच्या हाती?

लहान आतड्याने कसे हलायचे, हे बऱ्याच अंशी आत आलेले अन्नच ठरवते. पोट रिकामे असताना साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनांची लाट उरलेसुरले पुढे लोटते. जेवण होताच ती थांबते आणि अन्न घुसळणारी अनियमित आकुंचने सुरू होतात. स्निग्धांश न पचता आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचला, तर तिथली संप्रेरके वरच्या भागाची गती मंद करतात. पचनाला सवड मिळते. कोणी म्हणेल, सूत्रे तर मेंदूकडे असतात. मेंदूचा प्रभाव आहेच. पण १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत बाहेरच्या नसा तोडूनही आतडे आतल्या गोळ्याला प्रतिसाद देत राहिले. हा प्रतिसाद आतड्याच्या भिंतीतल्याच मज्जातंतूंच्या जाळ्यातून येत होता; माणसाच्या आतड्यातही असेच स्वतंत्र जाळे आहे.