अवधाण व गंडमाळा



पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. दुखणे पायात, गाठ जांघेत, असे का? शरीरात रक्ताप्रमाणे लसिका नावाचा पातळ द्रवही वाहतो. त्याच्या वाटेवर मान, काख, जांघ अशा ठिकाणी शेकडो लहान ग्रंथी चौक्यांप्रमाणे बसल्या आहेत. जंतू तेथे अडविले जातात, पांढऱ्या पेशी वाढतात आणि ग्रंथी सुजते. म्हणून अवधाण चोळू नये. जखमेवर उपचार करावा.

परंतु मानेच्या गाठी दोन-तीन आठवड्यांत उतरल्या नाहीत, तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. कारणे अनेक असतात; गंडमाळा, म्हणजे बहुधा ग्रंथींचा क्षय, हे त्यांपैकी एक. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविला. आज साधारण सहा महिने नेमाने औषध घेतल्यास हा रोग बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत ते औषध विनामूल्य मिळते. नुसत्या ग्रंथींचा क्षय सहसा दुसऱ्यास लागतही नाही.

तरीही मुलीचे लग्न जमणार नाही या भयाने गाठ ओढणीआड झाकली जाते, हे आम्हां शिक्षकांच्या नजरेस येते. मातापित्यांस आमची एवढीच विनंती : गाठ झाकू नका, डॉक्टरांस दाखवा.