हळदीचा डाग आणि निळा प्रकाश

पांढऱ्या सदऱ्यावरील हळदीचा डाग साबणानें लाल होतो, जात नाहीं. पण तोच सदरा ओला करून उन्हांत वाळत घातला, कीं डाग आपोआप फिका पडतो. आपल्या गृहिणींना हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आज ज्या संशोधनाविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील मुख्य अडचण ह्या डागांतच दडलेली आहे.

मराठवाड्यांत वसमतची हळद प्रसिद्धच आहे. तिची चिमूटभर पूड स्पिरिटांत ढवळून, वरचा पिवळा द्रव अंधाऱ्या खोलींत नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखालीं धरावा. तो हिरवट-पिवळ्या तेजानें झळकूं लागतो. हें तेज कर्क्युमिन नांवाच्या द्रव्याचें. त्याच्या रेणूंत कार्बनच्या अणूंची सांखळी एकेरी व दुहेरी बंधांनीं आळीपाळीनें गुंफलेली असते आणि तींतील कांहीं इलेक्ट्रॉन एका अणूशीं बांधलेले न राहतां सांखळीभर वावरतात. प्रकाश शोषला कीं असा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. उतरतांना थोडी शक्ति उष्णतेंत जाते, उरलेली दुसऱ्या रंगाचा प्रकाश होऊन बाहेर पडते. आमच्या मॅट्रिकच्या पुस्तकांत सेंद्रिय रसायन मिथेनपासून निघून साबणापाशीं संपत असे. असली मौज त्यांत नव्हती.

हाच इलेक्ट्रॉन विजेनें वर चढवितां येईल काय? १९६३ सालीं न्यूयॉर्कमध्यें अँथ्रासीनच्या स्फटिकांतून असा प्रकाश निघाला. पण त्यास सुमारें ४०० व्होल्टचा दाब लागला. १९८७ सालीं कोडॅक कंपनींतील टँग व व्हॅन स्लाइक ह्यांनीं सेंद्रिय द्रव्यांचे दोन अतिशय पातळ थर एकमेकांवर चढवून १० व्होल्टांहूनहि कमी दाबानें हिरवा उजेड मिळविला. १९९० सालीं केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं तेंच काम बहुवारिकाकडून, म्हणजे अतिदीर्घ सांखळीच्या रेणूकडून, करून घेतलें. तें बहुवारिक कशांतच विरघळेना. पुढें रसायनज्ञांनीं सांखळीला बाजूनें लांब शेपट्या जोडल्या, तेव्हां तसलीं द्रव्यें शाईसारखीं पसरतां येऊं लागलीं. माझ्या मतें खरें कौशल्य ह्या शेपट्या जोडण्यांत आहे.

आपल्याकडेहि हें काम झालें आहे. नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक संजय ढोबळे व त्यांचे सहकारी ह्यांनीं युरोपियम धातूच्या सेंद्रिय संयुगांपासून तांबडा प्रकाश देणारे दिवे केले. त्यांत सेंद्रिय भाग शक्ति गोळा करतो आणि युरोपियम ती तांबड्या रंगानें परत देतो. ह्या विषयावरील ग्रंथहि त्यांनीं सहलेखकांसह २०१७ सालीं प्रसिद्ध केला आहे.

तांबडा साधला, हिरवा साधला. घोडें अडलें तें निळ्यापाशीं. ह्या तिन्हींत निळ्या प्रकाशाला शक्ति सर्वांत जास्त लागते. इतकी शक्ति पुन्हापुन्हा अंगावर घेणाऱ्या रेणूचा एखादा बंध केव्हां तरी तुटतो, आणि तुटलेला रेणू उजेड देत नाहीं. उन्हांत हळदीचेंहि असेंच होतें. आपल्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावर निळे ठिपके आधीं मंदावले, तर चित्राचा रंग बिघडतो. म्हणून निळ्या द्रव्यांत साध्या हायड्रोजनच्या जागीं जड हायड्रोजन घालण्याची युक्ति निघाली आहे. कार्बनशीं त्याचा बंध सहजीं तुटत नाहीं, आणि असा निळा दिवा अधिक काळ टिकतो.